"आरोपीवर यापूर्वीही गुन्हे दाखल आहेत" या ओळीने कोर्टात नेमकं काय होतं?

जळगाव-धुळ्याकडचा कुठलाही पेपर काढा, आतल्या पानावर अधूनमधून ही बातमी असतेच. गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं घेऊन फिरणाऱ्याला स्थानिक गुन्हे शाखेने सापळा लावून पकडलं, आर्म अ‍ॅक्ट ३/२५ प्रमाणे गुन्हा दाखल, मुद्देमाल जप्त, आणि शेवटची ओळ ठरलेली: आरोपी रेकॉर्डवरचा असून त्याच्यावर यापूर्वीही गुन्हे दाखल आहेत. वाचणाऱ्याला वाटतं आता हा गेला दहा वर्षं आत. मग दोन-तीन महिन्यांनी तोच गडी चौकात चहा पिताना दिसतो आणि सगळे म्हणतात, मिटवलं बघ पैसे देऊन.

पैसे दिले की नाही देव जाणे, पण बऱ्याचदा त्याची गरजच नसते. "गुन्हे दाखल आहेत" या ओळीने कोर्टातली शिक्षा एका दिवसाने सुद्धा वाढत नाही. त्या ओळीचा मार बसतो तो दुसरीकडेच, आणि ते दुसरीकडे कुठे हे बहुतेकांना माहीत नसतं, ज्याच्यावर केस आहे त्याला पण नसतं.

## आधी बेसिक, शस्त्र कशाला म्हणतात

कायदा आहे शस्त्र अधिनियम १९५९, बोलीत आर्म अ‍ॅक्ट. बंदूक, पिस्तूल, कट्टा, काडतूस हे सगळं लायसन्सशिवाय जवळ ठेवायचं नाही हे त्याचं कलम ३, आणि ठेवलं तर शिक्षा किती ते कलम २५ मध्ये, म्हणून पोलीस ३/२५ म्हणतात. नुसतं काडतूस सापडलं, कट्टा नाही, तरी गुन्हा होतो. हे पोरांना खरंच माहीत नसतं, एखादं काडतूस पाकिटात शोभेला ठेवतात.

तलवार, गुप्ती, खंजीर, भाला यांच्यासाठी कलम ४, म्हणून तिथे ४/२५ लागतं, पण सरकारने अधिसूचना काढलेल्या भागातच. नियमांच्या यादीत सुऱ्यांचं माप पण दिलंय, पातं ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद. घरकामाचं आणि शेतीचं अवजार त्यातून बाहेर. म्हणजे केळीचा घड कापायचा विळा, कुऱ्हाड, कोयता हे शेतात शेतकऱ्याच्या हातात असेल तर आर्म अ‍ॅक्टचा विषय नाही. तोच कोयता घेऊन रात्री कोणाच्या दारात उभं राहिलं तर मग दुसरी कलमं आहेत, जमावबंदी-शस्त्रबंदीचा आदेश चालू असेल तर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७/१३५ आहे, धमकीचं आहे, मारलं तर आणखी आहे.

वाढदिवसाला तलवारीने केक कापून रील टाकणारे याच ४/२५ मध्ये अडकतात, पुरावा त्यांनी स्वतःच अपलोड केलेला असतो!

## कट्ट्याला शिक्षा किती

२०१९ च्या डिसेंबरमध्ये संसदेने हा कायदा कडक केला. विनापरवाना कट्टा किंवा काडतूस जवळ ठेवण्याला आधी १ ते ३ वर्षं होती, ती २ ते ५ वर्षं झाली, दंड वेगळा. खास कारण निकालात लिहून कोर्ट दोन वर्षांच्या खाली येऊ शकतं, ती पळवाट ठेवली आहे. कट्टे बनवणारा आणि विकणारा यांना ७ वर्षांपासून थेट जन्मठेपेपर्यंत. लष्करी पद्धतीचं, म्हणजे कायद्यात "प्रतिबंधित" म्हटलेलं शस्त्र नुसतं जवळ असलं तरी ७ ते १४ वर्षं. लग्नात हवेत गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, मग बंदूक लायसन्सची का असेना.

आपल्याकडे हा विषय इतका का येतो ते सांगायला नको. चोपड्याच्या वर सातपुड्याला लागून मध्य प्रदेशच्या हद्दीवर उमर्टी आहे, तिथल्या कट्ट्यांचं नाव महाराष्ट्रभर झालंय, पुण्यात पकडलेल्या कट्ट्याचा माग सुद्धा कधीकधी तिथपर्यंत जातो. बनवणारे थोडे, घेणारे सगळीकडचे, आणि मधे पोचवणारा कुणीतरी विशीतला पोरगा, ज्याला चार पैसे मिळतात आणि पहिली केस लागते.

## दाखल होणं वेगळं आणि शिक्षा लागणं वेगळं

हे कळलं की बाकी सगळं कळतं. तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज दिला म्हणून सातबाऱ्यावर तुमचं नाव लागत नाही, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की लागतं, आणि मधल्या काळात गावभर "जमीन त्याच्या नावावर झाली" अशी चर्चा चालू असते. गुन्हा दाखल होणं म्हणजे तो अर्ज. पोलिसांनी तपास केला, चार्जशीट पाठवली, साक्षी झाल्या आणि कोर्टाने "दोषी" म्हणून निकाल दिला की मग ती नोंद लागली. याला दोषसिद्धी म्हणतात, आपण पुढे सरळ "शिक्षा लागली" असंच म्हणू.

एखाद्यावर बारा गुन्हे दाखल असतील आणि बाराही केसमध्ये तो सुटला असेल किंवा त्या अजून चालूच असतील, तर तेराव्या केसमध्ये शिक्षा ठरवताना कायद्याच्या नजरेत तो पहिल्यांदाच सापडलेला माणूस. आणि ज्याच्यावर आयुष्यात एकच जुनी केस होती पण त्यात शिक्षा लागली होती, तो नाही. पोलीस स्टेशनच्या बोर्डावर पहिल्याचा फोटो असतो, दुसऱ्याला कोणी ओळखत पण नाही.

## शिक्षा दुप्पट होते ती कधी

आर्म अ‍ॅक्टमध्ये कलम ३१ म्हणून एक छोटंसं, एका वाक्याचं कलम आहे, पेपरात त्याचं नाव कधी येत नाही. आधी या कायद्याखाली शिक्षा लागलेली असेल आणि परत याच कायद्याखाली दोषी ठरला, तर नंतरच्या गुन्ह्याला जी शिक्षा सांगितली आहे त्याच्या दुप्पट.

कट्ट्याला २ ते ५ वर्षं, दुप्पट केले की ४ ते १०. आणखी एक गंमत बघा, या केसेस चालतात जेएमएफसी म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात आणि त्या कोर्टाला ३ वर्षांच्या वर कैद देताच येत नाही. म्हणून एवढी शिक्षा द्यायची वेळ आली तर फाईल मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे म्हणजे सीजेएमकडे पाठवायची सोय कायद्यात आहे, त्यांना ७ वर्षांपर्यंतचा अधिकार. तर "छोट्या कोर्टात आहे, काही होत नाही" हे ऐकीव ज्ञान दुसऱ्या वेळेला कामाला येत नाही.

किती जुनी शिक्षा चालते? कलम ३१ मध्ये मुदतच नाही. वीस वर्षांपूर्वी तलवारीत शिक्षा लागली होती आणि आज काडतूस सापडलं, तरी सरकारी वकील ते काढू शकतो. तलवार पण आर्म अ‍ॅक्टच आणि काडतूस पण आर्म अ‍ॅक्टच.

## "पण माझी आधीची शिक्षा तर मारामारीत होती"

मग कलम ३१ लागत नाही, कारण ते आर्म अ‍ॅक्ट ते आर्म अ‍ॅक्ट एवढंच बघतं. पण लगेच खूश व्हायचं कारण नाही, इथे कलम ९ येतं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात (सोप्यात सांगायचं तर समाजात मान खाली जाईल अशा बेइमानीच्या गुन्ह्यात) ज्याला कैदेची शिक्षा झाली, त्याला ती शिक्षा संपल्यापासून पुढची ५ वर्षं बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायलाच बंदी आहे. चांगल्या वर्तणुकीचा बाँड कोर्टाने लिहून घेतला असेल तर त्या बाँडच्या मुदतीतही तेच. मोडलं तर तो कलम २५ खालचा वेगळा गुन्हा.

वेगळा म्हणजे काय, तर शिक्षा झालेल्याच्या घरात वडिलांची लायसन्सची बंदूक आहे आणि हा ती घेऊन रानात डुक्कर हाकलायला गेला. बंदूक कायदेशीर, वडील कायदेशीर, पण याच्या हातात ती गुन्हा. शेतकरी घरांत हे होऊ शकतं आणि कोणाच्या डोक्यातही येत नाही.

चोरी, जबरी चोरी, दरोड्यात पूर्वी शिक्षा लागलेल्यांसाठी भारतीय न्याय संहितेत वेगळं कलम १३ आहे. ३ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या अशा गुन्ह्यात दोषी ठरलेला परत तशाच गुन्ह्यात दोषी ठरला तर जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत. आणि जबरी चोरीत घातक शस्त्र वापरलं तर पहिल्याच वेळेला सुद्धा कमीत कमी ७ वर्षं, तिथे रेकॉर्ड वगैरे विचारायची गरजच नाही.

## "मी तर कबूल करून सुटलो होतो, शिक्षा कुठे लागली?"

यावर जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. पोरगा पकडला गेला, बेल करायला जामीनदार नाही, घरी आई एकटी, आठ-दहा महिने सबजेलमध्ये गेले. मग कुणीतरी सल्ला देतं, गुन्हा कबूल करून टाक, जेवढं आत राहिला तेवढीच शिक्षा धरून साहेब सोडतील, वर थोडा दंड. तो कबूल करतो, दंड भरतो, संध्याकाळी घरी. घरात सगळे म्हणतात केस मिटली.

केस मिटली नाही, केसमध्ये शिक्षा लागली. कबुलीवर दिलेला निकाल पण दोषसिद्धीचाच निकाल असतो, साक्षीपुरावे होऊन दिलेला आणि कबुलीवर दिलेला यात कलम ३१ काही फरक करत नाही. चार वर्षांनी हाच पोरगा मित्राच्या गाडीवर मागे बसलेला असताना कमरेला कट्टा सापडला की तो बिनधास्त सांगतो, "साहेब पहिली केस तं तेव्हाच संपली होती," आणि सरकारी वकील त्याच केसचा निकाल काढून ठेवतो. कबूल करू नये असं मी म्हणत नाही, काही वेळा तेच शहाणपणाचं असतं, पण त्या वेळी त्या पोराला समोर बसवून दोन वाक्यांत कुणी सांगतं का, की बाबा आता परत सापडलास तर डबल? कोर्टाच्या व्हरांड्यात त्या दिवशी सगळ्यांनाच घाई असते.

याच्या उलटही आहे. ३७/१३५ मध्ये दंड भरला असेल तर ती शिक्षा महाराष्ट्र पोलीस कायद्याखालची, आर्म अ‍ॅक्टची नाही, कलम ३१ ला चालत नाही. निर्दोष सुटला असेल तर प्रश्नच नाही. वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली असेल तरी नाही. पण अपील नुसतं चालू आहे आणि बेलवर बाहेर आहे, तर शिक्षा अजून उभी आहे. अठराच्या आत असताना बाल न्याय मंडळापुढे चाललेली केस पुढे अपात्रता म्हणून अंगाला चिकटत नाही, बाल न्याय कायद्याचं कलम २४ तसं सांगतं, फक्त सोळाच्या वरच्या पोरावर मोठ्या माणसासारखी केस चालली असेल तर ते संरक्षण नाही.

## "डिक्कीमा काय शे माले काय माहीत"

गाडी मनी नही शे, डिक्कीमा काय शे माले काय माहीत. म्हणजे गाडी माझी नाही, डिक्कीत काय आहे मला काय माहीत, हा आपल्याकडचा फेमस बचाव आणि तो वेडगळ नाही. कायद्याला नुसता ताबा पुरत नाही, माहीत असून ठेवलेला ताबा लागतो. मध्य प्रदेशातल्याच एका केसमध्ये, गुणवंतलालच्या, सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये हे सांगितलं, पण त्याचबरोबर हेही सांगितलं की शस्त्र अंगावरच सापडायला पाहिजे असं नाही, दुसऱ्याकडे ठेवायला दिलं आणि हुकमत तुमचीच राहिली तर ताबा तुमचाच.

मग प्रश्न येतो, आधी शिक्षा लागलीय म्हणून कोर्ट आधीच असं धरून चालेल का की याला माहीतच असणार? नाही धरत, आणि त्यासाठी कायद्यात चांगली सोय आहे. जुन्या शिक्षेमुळे शिक्षा वाढवून मागायची असेल तर ती कधीची, कुठल्या कोर्टाची हे दोषारोपात लिहावं लागतं, पण आताच्या गुन्ह्यात दोषी ठरेपर्यंत ते आरोपीला वाचून दाखवायचं नाही आणि त्यावर बोलायचं पण नाही. आधी हा कट्टा याचा होता का ते ठरवा, जुनं नंतर बघू. जुनी शिक्षा सिद्ध करायला निकालाची सही-शिक्क्याची नक्कल किंवा जेलचा दाखला लागतो, आणि तो माणूस हाच हे दाखवावं लागतं. नुसतं "रेकॉर्डवरचा आहे साहेब" म्हणून भागत नाही.

कट्टा चालतच नव्हता म्हणणारे पण असतात. शस्त्राचे सुटे भाग पण कायद्यात शस्त्रच धरलेत, त्यामुळे गंजलेला खटका ही काही हमखास सुटका नाही, फॉरेन्सिकच्या रिपोर्टवर बरंच ठरतं. केस पडते ती जास्त करून वेगळ्या कारणांनी: पंच फितूर झाले, सील नीट नव्हतं, किंवा कलम ३ च्या गुन्ह्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांची, म्हणजे आपल्या कलेक्टरची पूर्वमंजुरी लागते ती घेतलीच नाही. २०२४ च्या १ जुलैपासून झडतीचं व्हिडिओ शूटिंग करायचं आहे, त्याने दोन्ही बाजूंना फरक पडेल असं मला वाटतं, खोट्या केसला पण आणि खोट्या बचावाला पण.

## मग दाखल असलेल्या केसेस फुकट जातात का

नाही ना, सुरुवातीला म्हटलं तो मार इथे बसतो.

पहिलं बेल. ज्याला आधी ७ वर्षं किंवा त्याच्यावर शिक्षेच्या गुन्ह्यात, किंवा तीन ते सात वर्षांवाल्या दखलपात्र गुन्ह्यात दोनदा दोषी ठरवलंय, त्याला मॅजिस्ट्रेटने सहसा बेल द्यायचीच नाही, सेशनला किंवा औरंगाबाद खंडपीठात जावं लागतं. नुसत्या चालू केसेस असतील तर असा बार नाही, पण सरकारी वकील यादी वाचतो आणि जजसाहेब ऐकतात, माणूसच आहेत. कच्च्या कैद्यांसाठी नवीन सोय आहे, आधी कधीच दोषी न ठरलेल्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की सुटका, बाकीच्यांना अर्धा काळ. पण एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर ही सोयच बंद. म्हणजे इथे शिक्षा न लागता नुसत्या दाखल केसेसनी माणूस आत राहतो.

दुसरं तडीपारी. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ ला शिक्षा लागलेली असायची गरज नाही, ५७ ला लागते, आणि २ वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. जळगावचा तडीपार मग नातेवाईकाकडे सुरतला नाहीतर बऱ्हाणपूरला जाऊन राहतो. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये जालन्याच्या एका केसमध्ये सांगितलंय की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, ऊठसूट वापरू नका.

तिसरं आणि सगळ्यात जड, एमपीडीए, म्हणजे धोकादायक माणसाला आधीच आत ठेवायचा महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा. त्यात "धोकादायक व्यक्ती" ची व्याख्या आहे आणि वारंवार आर्म अ‍ॅक्टचे गुन्हे करणारा त्यात सरळ नावाने येतो. कोर्टात केस न चालवता जिल्हादंडाधिकारी स्थानबद्धतेचा आदेश काढतात, सल्लागार मंडळ मान्य करतं, आणि १२ महिन्यांपर्यंत आत, येरवडा नाहीतर नागपूर कुठेही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर हे मला पटत नाही. कट्ट्याच्या केसमध्ये शिक्षा लावून दाखवणं अवघड जातं म्हणून एमपीडीएचा शॉर्टकट घ्यायचा, आणि मूळ केस तशीच तारखांवर पडून राहते.

टोळी असेल तर मोक्का म्हणजे संघटित गुन्हेगारीचा कायदा, तिथे दहा वर्षांत एकापेक्षा जास्त चार्जशीट आणि कोर्टाने दखल घेतलेली, एवढं दाखवावं लागतं, तिथेही शिक्षा लागलेली नको.

## अमेरिकेत वेगळं आहे

पिक्चर आणि सिरीज बघून लोक तिकडचं इकडे लावतात म्हणून दोन ओळी. तिकडच्या केंद्रीय कायद्यात एका वर्षापेक्षा जास्त शिक्षा होऊ शकते अशा गुन्ह्यात एकदा दोषी ठरला की बंदूक जवळ ठेवायची बंदी सहसा जन्मभराची, मोडली तर १५ वर्षांपर्यंत, आणि आधी तीन हिंसक किंवा मोठ्या ड्रग्जच्या शिक्षा असतील तर कमीत कमी १५. तिकडे बंदूक हा मुळात हक्क आहे म्हणून तो काढून घ्यायला एवढा मोठा कायदा. आपल्याकडे मुळात हक्कच नाही, लायसन्स ही मेहेरबानी, म्हणून बंदी पाच वर्षांचीच ठेवली तरी चालतं, पाच वर्षांनी अर्ज केला तरी लायसन्स द्यायचं की नाही ते कलेक्टर ऑफिस ठरवणार.

## राजकारण आणि नोकरी

दोन वर्षं किंवा जास्त कैद लागली की आमदारकी-खासदारकी लढवायला अपात्र, सुटल्यापासून पुढे ६ वर्षं. कट्ट्याची कमीत कमी शिक्षाच दोन वर्षं आहे, गणित तुम्हीच करा, आणि भाऊंच्या मागे कट्टा लावून रील काढणाऱ्या कार्यकर्त्यांना पण सांगा. पोलीस भरती, सिक्युरिटी एजन्सी, कंपनीची चारित्र्य पडताळणी, पासपोर्ट, इथे चालू केस सुद्धा आडवी येते आणि लपवली तर लपवल्याचं वेगळं निघतं.

संजय दत्तची केस सगळ्यांना आठवते. टाडा म्हणजे दहशतवादविरोधी कायद्यातून सुटला पण आर्म अ‍ॅक्टमध्ये अडकला, २००७ ला ६ वर्षं, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ५ केली, आणि एवढा पैसा, एवढे वकील असून उरलेली शिक्षा येरवड्यात भोगावी लागली. ती पण पहिलीच शिक्षा होती.

## जुनी केस कशी संपली हे बघायचं कुठे

घरात कोणावर दहा-पंधरा वर्षांपूर्वीची केस होती आणि तिचं काय झालं हे नक्की आठवत नसेल, तर मोबाईलवर ई-कोर्ट्सचं अ‍ॅप आहे, नावाने किंवा केस नंबरने सापडते. "निकाली" एवढंच लिहिलं असेल तर त्यावरून खूश होऊ नका, सुटका होऊन निकाली की शिक्षा होऊन निकाली ते आत बघा. त्याहून जुनी असेल तर ज्या कोर्टात चालली तिथल्या नक्कल विभागात अर्ज द्यायचा, केस नंबर नसला तर पोलीस स्टेशनचा गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष द्यायचं, निकालाची प्रमाणित नक्कल मिळते. वकील लावायच्या आधी ती हातात असू द्या, कारण वकील पहिला प्रश्न तोच विचारणार आणि "संपली होती साहेब" हे उत्तर त्याला काही कामाचं नसतं.